थंड पाण्यातली पहिली तीन मिनिटे

ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे वर्षभराचे सरासरी तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा पाण्यात कोणी बुडाले की ‘थंडीने गारठून गेला’ असे सहज म्हटले जाते, पण वेळेचा हिशेब मांडला तर हे स्पष्टीकरण टिकत नाही. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली उतरते तेव्हा त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तिथवर पोहोचायला प्रौढ माणसाला बर्फाळ पाण्यातही साधारणपणे अर्धा तास लागतो. पुष्कळ जण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बुडतात. त्यांचा घात करतो तो श्वास.

त्वचेतील थंडी ओळखणारे चेतातंतू पृष्ठभागाच्या अगदी लगत असतात आणि तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेगाने घसरले याची ते अधिक दखल घेतात. हिवाळ्यात पहाटे गार पाण्याचा तांब्या पाठीवर पडताच जो श्वास आपोआप आत ओढला जातो, तीच प्रतिक्रिया सर्वांग एकदम पाण्यात गेल्यावर कित्येक पटींनी तीव्र होते. एका झटक्यात दोन-तीन लिटर हवा आत घेतली जाते; त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. पाठोपाठ अनावर धाप लागते, आणि एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्यालाही तो काही सेकंदांपलीकडे रोखता येत नाही. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब चढतात. हृदयविकार असलेल्यांसाठी हाच टप्पा सर्वांत धोक्याचा असतो.

निरोगी हृदयही येथे पेचात सापडू शकते. चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला गेला की मेंदू हृदयाला मंद होण्याचा आदेश देतो (सील, देवमासे यांच्यात हीच प्रतिक्रिया फार प्रबळ असते), तर अंगाला बसलेला थंडीचा धक्का त्याच हृदयाला वेग वाढवायला सांगतो. हे दोन परस्परविरोधी आदेश एकाच वेळी पोहोचल्यास ठोक्यांची लय बिघडू शकते, अशी मांडणी पोर्ट्समथ विद्यापीठातील माइक टिप्टन आणि त्यांचे सहकारी मायकेल शॅटक यांनी २०१२ मध्ये केली.

हा धक्का साधारण पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणूनच अचानक पाण्यात पडलेल्याने लगेच हातपाय मारू नयेत, उताणे होऊन तरंगत राहावे आणि श्वास ताब्यात येऊ द्यावा, असे ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय सांगते. हा सल्ला पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही लागू आहे. पुढच्या काही मिनिटांत हातांचे स्नायू आणि मज्जातंतू गारठतात, हात आखूड पडू लागतात, पाय खाली जातात, आणि किनारा नजरेच्या टप्प्यात असूनही पोहणे थांबते.

या धक्क्याची सवय मात्र करता येते. थंड पाण्यात तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर तो जवळपास निम्म्यावर येतो आणि हा परिणाम काही महिने टिकतो. इंग्लिश खाडी पोहून जाऊ इच्छिणाऱ्याने १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे, अशी अट असते, ती या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. १९५८ मध्ये मिहीर सेन, १९५९ मध्ये आरती साहा आणि अलीकडच्या काळात पुण्याचे रोहन मोरे यांनी ही खाडी पार केली. सवयीने धक्का कमी होतो. उष्णता मात्र शरीरातून जातच राहते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. तिथे त्वचेखालची चरबीच उपयोगी पडते.

पाण्याबाहेर आल्यावरही शरीराचे आतले तापमान काही काळ घसरत राहते. त्यामुळे हसतखेळत बाहेर आलेल्या माणसाला खरी हुडहुडी दहा-पंधरा मिनिटांनी भरते. अशा वेळी लगेच कढत पाण्याने अंघोळ केली तर त्वचेतील रक्तवाहिन्या एकदम पसरून रक्तदाब कोसळू शकतो आणि भोवळ येऊ शकते. त्याऐवजी ओले कपडे काढून अंग कोरडे करावे, उबदार कपडे चढवावेत आणि बसून गरम, गोड पेय घ्यावे.