जिवंत शिंपले किनाऱ्यावर नेमके कुठे असतात?

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात वाट्यावर मिळणाऱ्या तिसऱ्या बहुतेक खाडीतल्या असतात. जिथे लाटा थेट आपटतात त्या उघड्या किनाऱ्यावर तगणारे शिंपले वेगळे. ताम्हिणी उतरून दिवेआगरला गेलेल्या पुणेकराच्या पायाखाली ते असतात, पण सगळीकडे सारखे नाहीत. बरंच अंतर उकरत गेलं तरी एक सापडत नाही आणि पुढच्या हातभर जागेत ओंजळभर निघतात.

पहिला निकाल वाळू लावते. बारीक वाळूचा किनारा सपाट असतो. लाटा दूरवरच फुटतात आणि पाणी सावकाश पसरत येतं. जाड वाळूचा किनारा उभा असतो. तिथे लाट अंगावर आदळते आणि पाठोपाठ दुसरी येते, त्यामुळे रुतून बसायला उसंत मिळत नाही. म्हणून सपाट किनाऱ्यांवर प्राण्यांच्या प्रजाती जास्त आणि उभ्या किनाऱ्यांवर मोजक्या, अशी मांडणी दक्षिण आफ्रिकेचे किनारा-अभ्यासक अँटन मॅक्लाक्लन यांनी १९९०च्या सुमारास केली.

त्या मोजक्यांत डोनॅक्स हा शिंपला बरेचदा असतो. कोकणातही त्याच्या प्रजाती आहेत. नखाएवढा, पाचरीच्या आकाराचा हा जीव लाट ओसरल्यावर नीट बघावा. कवच किंचित उघडतं, पांढरट मांसल पाय बाहेर येतो आणि वाळूत घुसतो. पायाचं टोक आत फुगून घट्ट बसतं, मग त्याच्या आधाराने कवच खाली खेचलं जातं. काही सेकंदांत वर नुसती ओली वाळू.

डोनॅक्सच्या काही प्रजाती याहून पुढे जातात. भरती चढू लागली की वाळूतून उसळी मारून बाहेर येतात, लाटेबरोबर वर सरकतात आणि पुन्हा रुततात. ओहोटीला तसेच खाली उतरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक प्रजाती तर मोठ्या लाटेचा हादरा ओळखून नेमकी तीच लाट पकडते. साहजिकच सकाळी जिथे शिंपले दिसले, तिथे दुपारी शोधण्यात अर्थ नसतो.

किनाऱ्याच्या लांबीतही फरक पडतो, आणि तिथे गोड्या पाण्याचा हात असू शकतो. उरुग्वेच्या बारा देल चुय किनाऱ्यावर एका कालव्याचं गोडं पाणी समुद्रात सोडलं जातं. त्याच्या तोंडाजवळ पिवळे शिंपले विरळ आहेत, दूर गेलं की दाट होतात. वाळू सगळीकडे जवळपास तीच, तरीही.

माणसाचा हात मात्र सरळसरळ दिसतो. आपल्याकडच्या हौशी मंडळींना किनाऱ्यावर गाडी घालायची असते, तीही पाण्याकाठच्या ओल्या, टणक पट्ट्यात, कारण चाक रुतत नाही. डोनॅक्सचा पट्टाही तोच. ऑस्ट्रेलियात 'पिपी' या शिंपल्यावर प्रयोग झाले, तेव्हा गाड्यांच्या फेऱ्या वाढल्या तसे चिरडलेले शिंपले वाढले, आणि मऊ वाळूत नुकसान अधिक झालं. गाडी वर पार्किंगमध्ये लावून चालत खाली गेलं, तर पुणेकरांचं फार काही बिघडत नाही.