टास्क शेड्युलर नेमका कुणाच्या नावाने काम करतो?

विंडोजमध्ये टास्क शेड्युलर म्हणून एक सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, असते, बहुतेकांनी ती कधी उघडूनही बघितलेली नसते पण दिवसभर तीच राबत असते, क्रोमचं अपडेट आलंय का बघ, डिस्क साफ कर, रात्री बॅकअप घे, असली वेळेवरची सगळी कामं तिच्याकडे. आणि ही कामं अडू नयेत म्हणून ती सिस्टिम नावाच्या अकाउंटने चालते. सिस्टिम म्हणजे त्या मशीनवरचा जवळपास सर्वेसर्वा.

२७ ऑगस्ट २०१८ ला सँडबॉक्सएस्केपर या टोपणनावाने काम करणाऱ्या एका रिसर्चरने याच शेड्युलरच्या सुरक्षेतलं एक भोक चालू कोडसकट जाहीर करून टाकलं. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, तयार नव्हता. अमेरिकेतल्या सर्ट कोऑर्डिनेशन सेंटर या सॉफ्टवेअरमधल्या अशा भोकांचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थेच्या विल डॉरमन यांनी तो कोड पूर्ण अपडेट केलेल्या ६४ बिट विंडोज १० वर चालवून बघितला आणि तो चालला. नंतर या भोकाला सीव्हीई या अशा भोकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१८-८४४० असा नंबर मिळाला. प्रकार प्रिव्हिलेज एस्कलेशनचा, म्हणजे साधा युजर म्हणून शिरायचं आणि सिस्टिम होऊन बसायचं.

हे कसं होतं ते जरा सावकाश बघूया, कारण अख्खा धडा इथेच आहे. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये टास्क्स नावाचं एक फोल्डर आहे, एक्सपीच्या काळातलं, तेव्हा टास्क, म्हणजे शेड्युलरला नेमून दिलेली कामं, नावाच्या शेवटी डॉट जॉब असलेल्या फाइलींमध्ये ठेवायचे. व्हिस्टापासून टास्क ठेवायची जागा बदलली पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून हे फोल्डर राहिलं, आणि लॉगिन केलेल्या कुठल्याही युजरला तिथे फाइल टाकता यायची. शिवाय शेड्युलरमध्ये एक फंक्शन होतं, त्याला टास्कचं नाव आणि परवानग्यांची यादी दिली की ते त्या टास्कच्या फाइलीवरच्या परवानग्या बदलून द्यायचं. आपल्याच टास्कवर आपण परवानग्या लावतोय, त्यात काय एवढं, असं वाटतं ना?

आता हार्ड लिंक. फाइलीचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच फाइलीला दोन-तीन नावं असू शकतात आणि कुठलंच नाव खोटं नसतं. लग्नात नाव बदललेल्या बाईसारखं समजा, माहेरी सुमन, सासरी वैशाली, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं, पण बाई एकच, सुमनला ताप आला की वैशालीलाही आलाच. विंडोजमध्ये तेव्हा अडचण अशी होती की ज्या फाइलीत तुम्हाला एक अक्षरही बदलता येत नाही तिलाही तुम्ही असं दुसरं नाव लावू शकत होता.

झालं, मग हल्लेखोराने काय करायचं, सिस्टिमच्या ताब्यातली एखादी फाइल निवडायची, टास्क्स फोल्डरमध्ये तिला डॉट जॉबने संपणारं नवं नाव लावायचं आणि शेड्युलरला सांगायचं की या माझ्या टास्कवर मला लिहायची परवानगी दे. शेड्युलर ती देऊन टाकतो, कारण तो स्वतः सिस्टिम आहे, त्याला कोण अडवणार? जाहीर झालेल्या कोडमध्ये प्रिंटरशी संबंधित प्रिंटकॉन्फिग नावाची डीएलएल फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडची फाइल, अशी बदलली होती, मग प्रिंटची कामं सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरला एक काम दिलं की स्पूलर ती फाइल उचलून सिस्टिमच्या ताकदीने चालवायचा.

यात कुठेही कुलूप फुटलेलं नाही, पासवर्ड चोरलेला नाही. सगळ्या किल्ल्या जवळ असलेल्या माणसाकडे कुणीतरी चिठ्ठी दिली आणि त्याने चिठ्ठी आणणाऱ्याचा हक्क न तपासता स्वतःच्या हक्काने कपाट उघडून दिलं. कॉम्प्युटरवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये याच्यावर लिहिलं आणि 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' हे नाव रुजवलं, त्यांचं उदाहरण टाइमशेअर कंपनीतल्या एका कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचं होतं, युजरने आउटपुटची फाइल म्हणून चक्क बिलांच्या फाइलीचं नाव दिलं आणि कंपायलरला त्या फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार असल्यामुळे बिलांचा हिशोबच पुसला गेला. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण तीस वर्षांनी विंडोजमध्ये घडलं ते याच घराण्यातलं.

काही लोक म्हणतात की आधी मशीनवर लॉगिन लागतंय ना, मग एवढं काय घाबरायचं. पण ईमेलमधली एखादी अटॅचमेंट उघडली की हल्लेखोर तुमच्याच नावाने आत आलेला असतो, पुढची पायरी तेवढी बाकी राहते. स्लोव्हाकियाच्या ईसेट या अँटीव्हायरस कंपनीने दाखवून दिलं की कोड जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत पॉवरपूल नावाच्या हल्लेखोर गटाने तो थोडा बदलून वापरला, सावज मोजकेच होते पण ज्या देशांत सापडले त्यात भारतही होता. त्यांनी प्रिंटरच्या फाइलीऐवजी गूगल अपडेटची फाइल बदलली, आणि ही फाइल ठरलेल्या वेळी मोठ्या अधिकाराने चालवतो कोण, तर टास्क शेड्युलरच!

पॅच येईपर्यंत ॲडमिन लोकांसाठी सर्टने एक तात्पुरता उपाय सांगितला होता, टास्क्स फोल्डरमध्ये लिहायची आणि परवानग्या बदलायची मुभा खुद्द सिस्टिमलाच नाकारायची, त्याने जुन्या पद्धतीचे टास्क बिघडायचे पण भोक बुजायचं. स्लोव्हेनियाच्या झिरोपॅचवाल्यांनी तर साधारण एका दिवसात आपला छोटा पॅच तयार केला, मेमरीतल्या मोजक्याच सूचना बदलणारा, मशीन रीस्टार्टही करायला नको. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पॅच ११ सप्टेंबरला आला.

उपायाचं तत्त्व एका ओळीचं आहे. विंडोजच्या सर्व्हिसला थोड्या वेळापुरती मागणाऱ्याची ओळख अंगावर चढवता येते, त्याला इम्पर्सोनेशन म्हणतात. परवानगी बदलायच्या त्या क्षणी शेड्युलरच्या अंगावर ती ओळख पाहिजे, मग ज्या फाइलीला मागणारा स्वतः हात लावू शकत नाही तिच्यापाशी शेड्युलरही अडतो आणि ॲक्सेस डिनाइड येतं. एवढंच! आणि एवढंच एका फंक्शनमध्ये राहून गेलं होतं.

बरं एका ठिकाणी बुजवलं म्हणून संपलं नाही. मे २०१९ मध्ये त्याच रिसर्चरने शेड्युलरमध्येच दुसरी जागा दाखवली, एक्सपीच्या काळातले डॉट जॉब टास्क नव्या विंडोजमध्ये आणताना परवानग्या परत सिस्टिमच्याच नावाने लागत होत्या, परत हार्ड लिंक, परत तेच. त्याचा पॅच ११ जून २०१९ ला आला, नंबर सीव्हीई-२०१९-१०६९. प्रत्येक फंक्शन असं एकेक करून शोधत बसलं तर कधी पुरं पडणार, म्हणून मायक्रोसॉफ्टने पुढे हार्ड लिंकलाच हात घातला, आता नव्या विंडोजमध्ये फाइलीला दुसरं नाव लावायचं तर आधी त्या फाइलीवर काही बदलायचा अधिकार तुमच्याकडे असावा लागतो.