प्रोग्राम तोच, उत्तर वेगळं

जुनं सॉफ्टवेअर नीट चालू आहे, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, सोर्स कोड कोणाकडेच नाही, आणि एक दिवस साहेब सांगतात की स्क्रीनवरच्या यादीत बंद झालेली खाती दिसायला नकोत. डेटाबेसवर काम करणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, माझ्यावरही आली होती. अशा वेळी सगळ्यांना वाटतं आता नवीन सॉफ्टवेअर घ्या. पण प्रोग्रामला हात न लावता त्याला मिळणारं उत्तर बदलता येतं, आणि ते कसं हे मला मनापासून सांगायचंय.

मुळात प्रोग्राम स्वतः डेटाजवळ जातच नाही. किराणा दुकानात आपण चिठ्ठी देतो, तूरडाळ अर्धा किलो, मग कुठल्या पोत्यातली द्यायची ते दुकानदार बघतो, आपण काही गोदामात शिरत नाही. प्रोग्रामही तशीच चिठ्ठी पाठवतो, तिला क्वेरी म्हणतात, तीत फक्त नाव असतं: ‘खाती’ मधलं सगळं द्या. हे मुद्दाम असं ठेवलंय. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात मांडायची पद्धत, मांडलं तेव्हा त्यांचा आग्रहच होता की डेटा आत कसा रचलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये.

म्हणजे नाव आणि डेटा यांच्यामध्ये जागा आहे, आणि आपलं काम त्या जागेत होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलं, म्हणजे ओळी आणि कॉलमचे तक्ते, स्कीमा नावाच्या कप्प्यांत असतात आणि कुठला कप्पा आधी बघायचा ते सर्च पाथ नावाची यादी ठरवते. मी एक नवा कप्पा केला, त्यात ‘खाती’ याच नावाचा व्ह्यू, म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी, ठेवला जो खऱ्या टेबलातली फक्त चालू खाती देतो, आणि प्रोग्राम ज्या युजरने लॉगिन करतो त्याच्या सर्च पाथमध्ये हा कप्पा पहिला लावला, बस्स, पुढच्या लॉगिनपासून यादी बदलली. अट एकच, प्रोग्रामने टेबलाचं नाव कप्प्यासकट लिहिलेलं नसावं. तसं असेल तर टेबलाचंच नाव बदलायचं आणि जुन्या नावाचा व्ह्यू त्या जागी बसवायचा.

व्ह्यू म्हणजे डेटाची कॉपी नाही हं, हा गैरसमज फार आहे. क्वेरी आली की डेटाबेस ती चालवण्याआधी पुन्हा लिहितो, व्ह्यूची अट तिच्यात मिसळतो आणि मगच कुठला इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, वापरायचा ते ठरवतो, त्यामुळे साध्या अटीने सहसा वेग कमी होत नाही. क्वेरीत गुपचूप अट घालायची ही कल्पना बर्कली विद्यापीठाच्या इंग्रेस या डेटाबेस प्रोजेक्टमध्ये स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी १९७४ मध्येच मांडली होती. माणसागणिक वेगळ्या ओळी दाखवायची सोय ओरॅकल डेटाबेसच्या ८आय आवृत्तीमध्ये १९९९ ला आली, पोस्टग्रेस ९.५ मध्ये २०१६ ला. कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात या नियमाला पॉलिसी म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये टेबलाच्या मालकाला ती आपोआप लागत नाही, मी मालक म्हणूनच टेस्ट करत बसलो आणि अर्धा दिवस गेला.

आता खरा त्रास. लपवलेली ओळ नाहीशी झालेली नसते. समजा ४१२ नंबरचं खातं बंद आहे. प्रोग्राम विचारतो ४१२ आहे का, व्ह्यू म्हणतो नाही, म्हणून तो नवीन ४१२ टाकायला जातो आणि खालचं टेबल एरर देतं की हा नंबर आधीच आहे, काउंटरवरच्या माणसाला काहीच कळत नाही, दिसत तर नाहीये मग आहे कुठे? तसंच बेरजांचं, त्याच व्ह्यूवरून वार्षिक रिपोर्ट निघत असेल तर त्यातूनही बंद खाती गळतात, आणि तिथे एरर येत नाही, आकडा फक्त चुकतो. मला याचीच जास्त भीती वाटते. म्हणून रिपोर्टसाठी मी वेगळा युजर ठेवला, ज्याला खरं टेबल दिसतं.

आकडे झाकण्याचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसमधल्या मास्किंगने, म्हणजे आकडे झाकायच्या सोयीने, पगाराचा कॉलम झाकला तरी अट मात्र खऱ्या आकड्यावर तपासली जाते. ज्याला स्वतःची क्वेरी लिहिता येते तो विचारेल पगार ५ लाखांच्या वर आहे का, मग अडीच, असं दर वेळी निम्मं करत १० लाखांच्या आतला आकडा २० प्रश्नांत रुपयापर्यंत काढता येतो.

माझ्या त्या व्ह्यूवर मी कॉमेंट लिहून ठेवलीय, का केला, कोणी सांगितला, कुठल्या तारखेला, आणि काढायचा असेल तर सर्च पाथमध्ये काय बदलायचं. पोस्टग्रेसमध्ये ही कॉमेंट व्ह्यूसोबतच राहते, बॅकअपमध्येही जाते, म्हणजे दहा वर्षांनी ४१२ शोधत जो कोणी येईल त्याला ती तिथेच सापडेल.