पाकिटातलं नाव

केंद्रीय दक्षता आयोगाकडे भ्रष्टाचाराची एक खास प्रकारची तक्रार पाठवता येते. तिचे नियम वाचताना आधी जरा गंमतच वाटते. पाकीट चिकटवलेलं हवं आणि ही तक्रार कोणत्या प्रकारची आहे तेवढंच त्यावर लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव बाहेर कुठेही नको. स्पीड पोस्टाच्या खिडकीवर 'प्रेषक कोण?' असं सवयीने विचारतात, म्हणून या पाकिटांसाठी तसं विचारू नका, असं टपाल खात्याला वेगळं सांगावं लागलं. आयोग पोच देत नाही. उलट तुमच्याच हितासाठी पुढे पत्रव्यवहार करू नका, असं बजावतो. पण आत, कागदावर, खरं नाव आणि पत्ता हवाच. निनावी अर्ज केराच्या टोपलीत.

एवढी सावधगिरी आली ती २००२ मधल्या एका पत्रामुळे. 'माझं नाव गुप्त ठेवा' अशी विनंती त्यात होती आणि ती पाळली गेली नाही.

सत्येंद्र दुबे हे कानपूर आयआयटीतून निघालेले स्थापत्य अभियंते. मूळ गाव बिहारच्या सिवान जिल्ह्यात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या सेवेत ते झारखंडमधल्या कोडरम्याला होते. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचं काम ऐन भरात होतं. मोठ्या कंत्राटदारांनी मिळवलेलं काम परस्पर लहानसहान पोटकंत्राटदारांच्या हाती जातंय आणि रस्त्याच्या दर्जाचे तीनतेरा वाजताहेत, हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांनी थेट पंतप्रधानांना, म्हणजे अटलबिहारी वाजपेयींना, पत्र लिहिलं. पत्रावर सही नव्हती. मात्र निनावी पत्राला कोण विचारतो, हे ठाऊक असल्याने स्वतःची माहिती त्यांनी वेगळ्या कागदावर जोडली आणि ती उघड करू नये अशी विनंती केली.

पुढे सरकारी कार्यालयात कागदाचं जे होतं तेच झालं. पत्र खाली रस्ते मंत्रालयाकडे गेलं आणि तिथून प्राधिकरणाकडे. सोबत नावाचा कागदही गेला. ज्यांच्याविषयी तक्रार, त्यांच्याच टेबलापर्यंत फाइल पोचली. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे, बनारसहून एका लग्नाहून परतताना गया शहरात दुबे यांना गोळी घालण्यात आली. ते तीस वर्षांचे होते. सीबीआयच्या तपासानुसार हा लुटमारीतून झालेला खून होता आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. अनेकांना तो निष्कर्ष आजही पटत नाही. मला वाटतं, या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. खून कोणीही, कशासाठीही केलेला असो, नाव फोडलं ते सरकारी कार्यालयांनी, आणि त्यासाठी शिक्षा ठरवणारा कायदाच तेव्हा नव्हता.

कायद्याचा मसुदा मात्र होता. न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १७९ वा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये सादर केला, तो नेमका याच विषयावर, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणावर. विधेयकाचा तयार मसुदाही त्याला जोडलेला होता. दुबे यांनी पत्र लिहिलं तेव्हा त्या अहवालाला वर्षही झालं नव्हतं.

गैरव्यवहार उघड करणाऱ्या अशा माणसासाठी (इंग्रजीत 'व्हिसलब्लोअर') मराठी वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा शब्द रूढ केला, आणि तो चपखल आहे. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा तो जागल्या. त्याला गावाने नेमलेलं असे आणि त्या जागण्याबद्दल त्याला धान्याचा वाटा मिळे. आजच्या जागल्याला कोणी नेमलेलं नसतं आणि ज्या घरात चोरी चालली आहे, त्याच घरात तो बहुधा नोकरीला असतो. जुना शब्द नव्या माणसाला लावताना हा फरक विसरून चालत नाही.

दुबे प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. कायदा होईपर्यंत काहीतरी व्यवस्था करा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. त्यातून २१ एप्रिल २००४ रोजी केंद्राने एक ठराव काढला आणि तक्रारी स्वीकारण्याचं काम दक्षता आयोगाकडे सोपवलं. सुरुवातीला सांगितलेलं बंद पाकीट ते हेच. हा कायदा नव्हता, नुसता प्रशासकीय ठराव होता. त्यामुळे नाव फोडणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याची ताकद त्यात नव्हती. शिवाय त्याची हद्द केंद्र सरकार, केंद्राची महामंडळं आणि सार्वजनिक उपक्रम इथपर्यंतच. राज्य सरकारचे कर्मचारी, जिल्हा परिषदा, नगरपालिका त्याच्या बाहेर. म्हणजे सामान्य माणसाचा ज्या सरकारशी रोज संबंध येतो, ते जवळजवळ सगळंच वगळलेलं.

१९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशच्या लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. भेसळ करणारा पेट्रोल पंप त्यांनी सील केला होता. इथे निदान खटला तडीस गेला. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली आणि ती सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली.

याच सुमारास चित्र बदलत होतं. गोव्याने १९९७ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला होता, महाराष्ट्राचाही २००२ पासून होता आणि ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. तोवर जागल्या म्हणजे आतला माणूस: अभियंता, लेखापाल, कारकून. आता दहा रुपयांचा अर्ज करून बाहेरचा माणूसही फाइल मागू लागला. अर्जावर त्याचं नाव, घरचा पत्ता. तो अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार, त्याचाच गैरव्यवहार बाहेर यायचा असतो. अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला असेल तर घरच्या पत्त्याचा आग्रह धरू नये, असं कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटलं, पण ते २०१३ साली. तोवर बरंच काही घडून गेलं होतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी या भागातल्या जमीन व्यवहारांची कागदपत्रं माहिती अधिकारातून मिळवत होते. धमक्या येत होत्या, पोलिसांकडे त्यांनी संरक्षणही मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी ते फिरायला बाहेर पडले असताना त्यांना गाठून धारदार शस्त्रांनी मारण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तपास स्थानिक पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मग पुन्हा तपास, पुन्हा बंद. त्यांना कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून मारलं, हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

२०१० हे वर्षच तसं होतं. तळेगावनंतर काही महिन्यांत बीड आणि इचलकरंजीतही माहिती अधिकार कार्यकर्त्यांचे खून झाले. जुलैत गीरच्या जंगलालगतच्या बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांना अहमदाबादेत गुजरात उच्च न्यायालयाच्या समोरच गोळ्या घातल्या गेल्या. पुढे २०१९ मध्ये झालेल्या जन्मठेपा २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केल्या. आणि २५ जानेवारी २०११ ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. काटेकोर बोलायचं तर सोनवणे जागल्या नव्हते, ते त्यांचं काम करत होते. पण जिल्ह्याच्या इतक्या वरच्या अधिकाऱ्याची ही गत, तर अर्जदाराचं काय, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी विचारला गेला.

जागल्यांच्या संरक्षणाचं विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये लोकसभेत आलं होतं. लोकपाल आंदोलनाच्या धामधुमीत, २७ डिसेंबर २०११ ला लोकसभेने ते मंजूर केलं. मग दोन वर्षं ते राज्यसभेत पडून राहिलं. २१ फेब्रुवारी २०१४ हा पंधराव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. राष्ट्रीय सुरक्षेबाबतच्या काही दुरुस्त्या सरकारने तयार ठेवल्या होत्या. त्या मांडल्या असत्या तर विधेयक पुन्हा लोकसभेत न्यावं लागलं असतं आणि लोकसभा तर उठत होती. म्हणून दुरुस्त्या बाजूला ठेवून ते जसंच्या तसं मंजूर झालं. ९ मे रोजी राष्ट्रपतींची सही झाली. ही घाई पुढे कायद्याला भोवली.

कायदा निर्दोष नव्हता. खासगी क्षेत्र त्यात नव्हतं, निनावी तक्रारीला जागा नव्हती, सात वर्षांपेक्षा जुनं प्रकरण चालणार नव्हतं, आणि 'छळ' म्हणजे नेमकं काय हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडचा छळ बदलीतून, बिघडवलेल्या गोपनीय अहवालातून, अडवलेल्या पेन्शनीतून होतो, हे मसुदा लिहिणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. तरीही त्यात दम होता. राज्यांचे कर्मचारी पहिल्यांदाच कक्षेत आले. तक्रार कोणीही नागरिक करू शकणार होता. ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होता, तर जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. केलेली कारवाई सूडाची नव्हती, हे सिद्ध करण्याचं ओझं कार्यालयावर होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, १९२३ च्या शासकीय गुपितं कायद्याची आडकाठी दूर केली होती.

तेच नव्या सरकारला खुपलं. मे २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक ११ तारखेला लोकसभेत आलं आणि १३ तारखेला मंजूरही झालं. गुपितं कायद्यापासूनचं संरक्षण काढायचं आणि दहा प्रकारच्या माहितीवर तक्रारच करता येणार नाही असं ठरवायचं, हा त्याचा गाभा. मंत्रिमंडळाची कागदपत्रं, व्यापारी गुपितं, विश्वासाने सोपवलेली माहिती वगैरे. माहिती अधिकार कायद्यातही हेच अपवाद आहेत, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण माहिती अधिकारात कागद चारचौघांत येतो. जागल्या तो सरकारच्याच अधिकृत, गुप्तता पाळायला बांधलेल्या यंत्रणेच्या हाती देतो. शिवाय माहिती अधिकारात जनहित मोठं असेल तर अपवाद ओलांडता येतो, इथे ती फटही ठेवलेली नव्हती. काही प्रकारांत सूट होती, पण माहिती अधिकारातून मिळालेल्या माहितीपुरतीच. म्हणजे कार्यालयातल्या माणसाने आपल्याच कार्यालयाची फाइल अर्ज करून मागायची, आणि अर्जावर स्वतःचं नाव घालायचं!

राज्यसभेत हे विधेयक मंजूर झालं नाही. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते आपोआप बाद झालं.

दरम्यान खासगी क्षेत्राने थोडी वाट चालली. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचिबद्ध आणि इतर काही ठरावीक कंपन्यांना अंतर्गत तक्रारीची सोय सक्तीची केली. भांडवली बाजारातल्या आतल्या माहितीवरच्या सौद्यांची खबर देणाऱ्याला सेबीने २०१९ मध्ये एक कोटीपर्यंत बक्षीस ठेवलं, नंतर ते दहा कोटींवर नेलं. सगळ्यात बोलका दाखला मात्र परदेशातला. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतला चाचण्यांचा घोळ दिनेश ठाकूर यांनी अमेरिकी यंत्रणेसमोर मांडला. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना त्यातले सुमारे ४.८ कोटी मिळाले. ते ज्या कायद्याच्या आधाराने उभे राहिले तो अमेरिकेत १८६३ पासून आहे, यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्यांना धरण्यासाठी केलेला.

आपला २०१४ चा कायदा केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवेल त्या तारखेपासून अमलात येईल, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. ती तारीख अजून ठरलेली नाही. त्यामुळे केंद्रीय कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याला आजही २००४ च्या ठरावाचं ते चिकटवलेलं पाकीटच वापरावं लागतं. आणि तळेगावच्या नगर परिषदेविरुद्ध कोणी तसं पाकीट दिल्लीला पाठवलं, तर ते दक्षता आयोगाच्या हद्दीत बसत नाही.