पार्श्वभूमी: ड्राउंचा दुष्टपणा आणि २०२१ चा निर्णय

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रे घेऊन खेळायच्या कथा-खेळातले ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारे काळे एल्फ (परीकथांतले मानवसदृश लोक), जन्मतःच दुष्ट असतात का, हा प्रश्न मुंबईतल्या खेळणाऱ्यांमध्ये अलीकडे बहुधा नव्या कॅम्पेनच्या (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेच्या) पहिल्याच बैठकीत निघतो. याचे कारण साधे आहे. एकाच टेबलावर कुणाकडे खेळाच्या नियमांचे २०१४ चे पुस्तक असते, कुणाकडे २०२४ चे, आणि या दोन पुस्तकांतले ड्राउ एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या दहा वर्षांत काय घडले हे समजल्याशिवाय हा वाद सुटत नाही, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

जमिनीखाली राहणाऱ्या, डांबराहून काळ्या एल्फांचा उल्लेख तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या गद्य एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथात सापडतो. त्या ग्रंथात त्यांच्याविषयी फारसे काही सांगितलेले नाही, त्यामुळे खेळाने त्यातून घेतले तेही थोडेच. खेळाच्या १९७७ च्या राक्षससूचीच्या पुस्तकात एल्फांच्या नोंदीखाली ड्राउंना जेमतेम काही ओळी मिळाल्या, आणि त्यांतही ते निव्वळ दंतकथेतले असल्याचे म्हटले होते. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ते प्रत्यक्ष पटावर उतरले. राक्षसांच्या टोळ्या माणसांच्या वस्त्यांवर हल्ले का करतात याचा माग काढत खेळाडू एकामागून एक गड जिंकतात आणि शेवटी त्यांना कळते की सूत्रे जमिनीखालून हलवली जात होती. त्या साहसमालिकेचा शेवट ड्राउंच्या भूमिगत नगरीत होतो. तिथे स्त्रियांचे राज्य आहे, कोळ्यांची देवी लोल्थ हिची पूजा आहे, आणि सूर्यप्रकाशात आणताच निकामी होणारी शस्त्रे व चिलखते आहेत. शत्रू म्हणून ही रचना उत्तम होती. तोपर्यंतच्या बहुतेक शत्रूंना फक्त ताकद होती. ड्राउंना राजकारण होते, घराण्यांची वैरे होती, आणि खेळाडूच्या मंत्रांना दाद न देणारा प्रतिकारही होता.

१९८५ मध्ये नियमांनी ड्राउ पात्र घेऊन खेळण्याची परवानगी दिली. खरा बदल मात्र १९८८ च्या एका कादंबरीत झाला. एका रानटी योद्ध्याचा जोडीदार म्हणून योजलेला ड्रिझ्ट हा भटका ड्राउ वाचकांना इतका भावला की तोच नायक झाला, आणि १९९० पासून त्याच्या पूर्वायुष्यावर तीन कादंबऱ्या निघाल्या. त्यांत मेन्झोबेरान्झन हे नगर आतून दिसते. तिथल्या मुलांना लहानपणापासून क्रौर्याचे धडे दिले जातात, माया दाखवणाऱ्याला शिक्षा होते, घराणी एकमेकांना समूळ संपवतात आणि पुरावा उरला नाही तर तो गुन्हाच ठरत नाही. म्हणजे ड्राउ दुष्ट का, या प्रश्नाचे उत्तर १९९० मध्येच छापील स्वरूपात उपलब्ध होते. त्यांना तसे घडवले जाते. ज्या समाजात हे घडवणे इतक्या चिकाटीने करावे लागते, त्याचा दुष्टपणा रक्तात असणे शक्य नाही.

याला १९९१ च्या एका पूरक पुस्तकाने आणखी बळ दिले. त्यात लोल्थचीच मुलगी असलेली ईलिस्ट्रेयी ही देवी आली. चांदणे, गाणे, नृत्य आणि तलवार ही तिची क्षेत्रे असून चांगल्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या ड्राउंची ती रक्षक आहे. आजच्या चर्चेत या पुस्तकाची आठवण फार कमी वेळा निघते, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ त्यातच आहे. बंडखोर ड्राउंची परंपरा त्या समाजाच्या आतूनच उभी राहिलेली होती. ती बाहेरून आणण्याची गरज नव्हती.

माझ्या पिढीतल्या अनेक मुंबईकरांची ड्राउंशी पहिली भेट झाली ती पुस्तकातून नव्हे, तर २००० सालच्या एका संगणक-खेळातून, ज्यात आपल्याला ड्राउंचे रूप घेऊन उस्ट नाथा या नगरात वावरावे लागते. तिथे क्रूर आज्ञा पाळायची की टाळायची, हे प्रत्येक वळणावर ठरवावे लागे, आणि नुसते वेषांतर करूनही त्या व्यवस्थेचा दाब जाणवत असे.

नियमांची पुस्तके मात्र कादंबऱ्यांच्या मागेच राहिली. २०१४ च्या पुस्तकात ड्राउंवर एक चौकट आहे. एका नामांकित अपवादाचा हवाला देऊन ती सांगते की तो नसता तर हा वंश सर्वत्र तिरस्कृतच राहिला असता. वर्ण काळा, झिलई दिलेल्या ज्वालामुखी काचेसारखा. शिवाय हे पात्र घेण्याआधी खेळ चालवणाऱ्याला विचारावे अशी सूचना. काळा वर्ण आणि दुष्ट स्वभाव यांची अशी सांगड अमेरिकी वाचकाला तिथल्या वंशभेदाच्या इतिहासामुळे खुपणे स्वाभाविकच होते.

जून २०२० मध्ये प्रकाशकांनी निवेदन काढले. ऑर्क (खेळातला आणखी एक वंश) आणि ड्राउ यांना पुन्हा पुन्हा राक्षसी व दुष्ट म्हणून रंगवले गेले आणि ती वर्णने प्रत्यक्ष जगातल्या समाजांच्या मानहानीची वेदनादायक आठवण करून देणारी होती, असे त्यांनी मान्य केले. हे मान्य करणे योग्यच होते. आपल्याकडच्या वाचकाला तर ते अधिकच पटायला हवे. सावळ्या विठ्ठलाला हात जोडून घरी परतल्यावर गोरी वधू हवी अशी जाहिरात देणारा समाज आपला आहे, आणि जन्मावरून माणसाची योग्यता ठरवण्याविरुद्ध महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ लढा चालू आहे. अमेरिकेत या वादाचा रोख रंगावर होता. मराठी वाचकाला त्यात रंगाइतकाच जन्माचा प्रश्न दिसतो, आणि तो दिसला की पुढचा निर्णय वेगळ्या नजरेने पाहावा लागतो.

तो निर्णय २०२१ चा. त्या वर्षी असे जाहीर झाले की मेन्झोबेरान्झनचे ड्राउ ही या समाजाची केवळ एक शाखा आहे. तिला उडाड्राउ हे नाव मिळाले. उत्तरेच्या बर्फात एव्हेनड्राउ आणि दक्षिणेच्या जंगलात लोरेनड्राउ राहतात, आणि लोल्थची सावली त्यांच्यावर कधी पडलीच नाही. त्याच वर्षीच्या एका कादंबरीत बर्फातले नगर तपशिलाने आले. डिसेंबरमधल्या दुरुस्तीने वंशांपुढच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्र चांगले की दुष्ट हे सांगणाऱ्या, सूचना काढून टाकल्या. ड्राउंच्या चौकटीचा मजकूरही बदलला आणि लोल्थच्या पंथाने काही जुनी नगरे भ्रष्ट केली असून त्या पंथाविरुद्धच्या लढाईत ड्राउ वीर आघाडीवर आहेत, असे तिथे म्हटले गेले.

यातली दुरुस्ती आणि नवी नगरे या दोन गोष्टी एकत्र गणल्या जातात, पण त्यांचा अर्थ सारखा नाही. दुरुस्तीने १९९० च्या कादंबरीचे म्हणणे अखेर नियमांत आणले. पंथ भ्रष्ट करतो आणि वीर त्याच्याशी लढतात, हे मेन्झोबेरान्झनच्या रस्त्यावरही खरे ठरू शकते. नव्या नगरांनी मात्र प्रश्न नकाशावर ढकलला. चांगले ड्राउ हवेत, तर ते दुसरीकडे राहणारे आहेत, असे हे उत्तर आहे. त्यातून दुष्ट नगरातला ड्राउ जिथला तिथेच राहतो, आणि ज्याने त्या व्यवस्थेत वाढून तिला नकार दिला त्याचा नकार हलका होतो, कारण चांगुलपणा आता दुसऱ्या एका शाखेचा जन्मसिद्ध गुण ठरला आहे. जन्मावरून स्वभाव ठरवण्याचा दोष काढायला निघालेल्या निर्णयाने तो दोष तीन नावांत वाटून दिला, असे मला वाटते. ईलिस्ट्रेयीच्या अनुयायांना मध्यवर्ती स्थान दिले असते तर नवे नगर न वसवताही हे साधले असते.

निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. एक सन्माननीय अपवाद आणि बाकी सगळे वाईट, ही मांडणी स्वतःच अपमानकारक असते. नव्या खेळाडूला ड्राउ पात्र घेताना दर वेळी आपण अपवाद असल्याचा खुलासा द्यावा लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे, आणि नव्या नगरांनी ती पूर्ण केली.

पुढच्या घडामोडी वेगाने घडल्या. खेळाचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणाऱ्या परवान्यावरून २०२३ च्या सुरुवातीला उठलेल्या वादळानंतर एका स्पर्धक प्रकाशकाने आपल्या जगातून ड्राउंना पूर्णपणे वगळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गाजलेल्या संगणक-खेळात खेळाडूला लोल्थला वाहिलेला ड्राउ आणि तिला न मानणारा ड्राउ असे दोन पर्याय मिळाले. त्या खेळातून टेबलाकडे वळलेल्यांना हीच विभागणी मूळ वाटते. २०२४ च्या पुस्तकात ड्राउ ही एल्फांच्या तीन वंशावळींपैकी एक आहे, १२० फुटांपर्यंतची अंधारदृष्टी तिला आहे, आणि परवानगी विचारण्याची सूचना नाही. सूर्यप्रकाशात हल्ला आणि नजर दोन्ही कमजोर करणारा जुना नियमही गेला. त्यामुळे ज्या टेबलावर मेन्झोबेरान्झनमधून पळून आलेल्या ड्राउची कथा खेळायची असेल, तिथे तो नियम ठेवायचा की नाही हे खेळ चालवणाऱ्याला पहिल्या बैठकीआधी खेळाडूंशी बोलून ठरवावे लागते.