भसाभस जेवणारा कुत्रा: बाऊल घ्यायच्या आधी हे वाचा

मिनिटभरात बाऊल साफ, मग ठसका, कधी सगळं जसंच्या तसं बाहेर, आणि वर तेच परत खायला धावायचं. घरोघरी हे चालतं, आणि त्यासाठी कुत्र्याला ओरडून काहीही होत नाही हे आधी सांगतो. त्याचे दात बघा, ते फाडायला आणि तोडायला आहेत, आपल्यासारखं बारीक चावून खायला नाहीत, त्यामुळे थोडंफार गिळणं तो करणारच. त्यात सात-आठ भावंडांत एकाच ताटलीवर वाढलेलं पिल्लू असेल किंवा रस्त्यावरून आणलेली इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, असेल तर मागे राहिलं की उपाशी राहिलं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लॅब्राडॉरवाल्यांनी तर अजिबातच रागावू नका, 2016 साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना साधारण चारपैकी एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला सापडला, आणि असे लॅब खाण्याच्या मागे जास्त असतात. म्हणजे बिचाऱ्याला भूक खरंच जास्त लागते.

पण एक गोष्ट वेगळी काढा. आधी निवांत खाणारा कुत्रा अचानक अधाशासारखा खायला लागला, आणि खाऊनही वाळत चाललाय, किंवा पाणी खूप पितोय, तर ते स्लो फीडरचं, म्हणजे आत वळणं असलेल्या, हळू खायला लावणाऱ्या बाऊलचं काम नाही, डॉक्टरकडे न्या. जंत असू शकतात, डायबिटीस असू शकतो, जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचा एक आजार असतो ज्यात अन्न पचतच नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी भूक वाढते. आणि जोर न लावता, उलटीची उबळ न येता न पचलेलं अन्न नळीसारखं बाहेर पडत असेल, तेही वारंवार, तर तेसुद्धा दाखवून घ्या.

आता सगळ्यात गंभीर भाग. मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड वगैरे, पोट गॅसने फुगून स्वतःभोवती पीळ खातं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाने 1600 हून जास्त मोठ्या कुत्र्यांवर नजर ठेवून 2000 साली जे छापलं त्यात वाढतं वय, जवळच्या नात्यातल्या कुत्र्याला हा त्रास झालेला असणं, भरभर खाणं आणि स्टँडवर उंच ठेवलेला बाऊल, हे सगळे धोका वाढवणारे निघाले. म्हणून आमच्या दुकानात मोठ्या कुत्र्यासाठी कोणी उंच स्टँड मागितला की आम्ही आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो, मानेच्या किंवा सांध्याच्या दुखण्यासाठी त्यांनीच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. स्लो फीडर वापरला की पोटाला पीळ पडणारच नाही असं मात्र आम्ही सांगणार नाही, तसं कोणी सिद्ध केलेलं नाही. लक्षणं पाठ करून ठेवा: पोट फुगून टणक, सारखी उलटीची उबळ पण बाहेर काहीच नाही, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या. असं दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, घरगुती काढा नाही, लगेच निघायचं. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते आजच शोधा आणि फोन करून खात्री करा, आणि पुण्यात पेठेत राहत असाल तर विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असताना कुठून बाहेर पडायचं तेही ठरवून ठेवा.

आता उपाय, आणि यातले बरेचसे फुकट आहेत. पहिला, दिवसाचं खाणं तेवढंच ठेवून भाग वाढवा. एकदाच भलंमोठं देण्यापेक्षा दोनदा, जमलं तर तीनदा, पिल्लांना तीन-चारदा. भुकेने कासावीस झालेला कुत्रा हळू खात नाही. दुसरा, ड्राय फूड असेल तर ते बाऊलमध्ये घालूच नका, धुतलेल्या फरशीवर किंवा गॅलरीत पसरून टाका, एकेक दाणा हुंगून शोधण्यात त्याचा वेळही जातो आणि डोकंही शांत होतं. जुन्या टॉवेलवर दाणे पसरून सैल गुंडाळी करून दिली तरी चालते, फक्त कापड चावून गिळणारा असेल तर हे नको.

आणि आमचं सगळ्यात आवडतं, बिडाचं अप्पेपात्र. घरात असेलच, नसेल तर तुळशीबागेत मिळतं. जड असल्यामुळे ते फरशीवर सरकत नाही, प्रत्येक खळग्यात थोडे थोडे दाणे टाकले की कुत्र्याला जीभ आत घालून काढावे लागतात, एका घासात सगळं तोंडात येत नाही. दहीभात किंवा चिकन-भात देत असाल तर प्रत्येक खळग्यात चमचाभर दाबून बसवा. झाल्यावर लगेच धुऊन कोरडं पुसा नाहीतर गंज धरतं. कोटिंग निघालेलं नॉनस्टिक मात्र वापरू नका. बाऊलमध्ये मोठा दगड ठेवा असं बरेच जण सांगतात, ते आम्हाला पटत नाही, दात तुटतो आणि छोटा दगड असेल तर गिळलाही जातो.

एवढं करून भागत नसेल तर बाऊल घ्या, पण तोंड बघून घ्या. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला खोल आणि अरुंद वळणांचा बाऊल देऊ नका, नाक घुसत नाही आणि श्वासाचे हाल होतात, त्याला उथळ आणि रुंद कडांचा द्या. लांब तोंडाच्या शेफर्डला खोल चालतो. पहिल्याच दिवशी सगळं जेवण त्यात भरू नका. अर्धं नेहमीच्या ताटलीत, अर्धं नवीन बाऊलमध्ये, तेही वरवर, सहज मिळेल असं, आणि जमायला लागलं की वाढवत न्या. कुत्रा पंजाने बाऊल उलटवायला लागला, भुंकायला लागला, कडा चावायला लागला तर समजा फार अवघड झालंय, सोपा बाऊल द्या. त्याला हळू खायला लावायचंय, रडवायचं नाहीये. एप्रिल-मे मध्ये लिकमॅटवर, म्हणजे चाटून खायच्या खाचांच्या चटईवर, साधं दही, साखर-मीठ काही न घालता, पसरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि दुपारी द्या, कितीतरी वेळ चाटत बसतो. पीनट बटर लावणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते नक्की वाचा, कुत्र्यांना ते विष आहे.

शांतपणा मात्र बाऊल खाली ठेवायच्या आधीपासून सुरू होतो. पाकिटाचा आवाज आला की उड्या मारणाऱ्या कुत्र्याला हे शिकवा: बाऊल हातात घेऊन उभे राहा, काही बोलू नका, तो बसला की बाऊल हळूहळू खाली न्यायला लागा, उठला की बाऊल परत वर, बसला की परत खाली. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. फरशीला टेकला की लगेच "खा" म्हणा, सुरुवातीला एक सेकंद थांबला तरी खूप झालं. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, आणि आजोबा ताटातून चपातीचा तुकडा टाकतात ते जरा प्रेमाने थांबवा, नाहीतर तो जेवताना सगळ्यांच्या पायात येत राहणार.

दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. आधी दोन्ही बाऊल उचला, मगच दार उघडा. शेजारच्याच्या भीतीने भरभर खाणारी कितीतरी कुत्री एवढ्यानेच निम्मी शांत होतात. बाऊल कोपऱ्यात ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि लहान मुलांना त्या वेळी तिथे अजिबात पाठवू नका.

खाताना बाऊलमध्ये हात घालून सवय लावा, असा सल्ला अजूनही दिला जातो. कृपया करू नका. तुम्ही जवळ आलात की अन्न जातं हे एकदा त्याला वाटलं की तो अजून भरभर खाणार आणि पुढे गुरगुरणार. उलट करा, चार पावलांवरून जाता जाता पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि न थांबता पुढे निघून जा. काही दिवसांत तुम्ही येताना दिसलात की तो अंग न आवळता मान वर करून बघायला लागेल. गुरगुरत असेल तर शिक्षा करू नका, तो तुम्हाला सूचना देतोय, ती बंद केली तर पुढच्या वेळी सरळ चावेल. चावायला येत असेल तर हे प्रयोग थांबवा आणि चांगल्या ट्रेनरची मदत घ्या.

जेवण आणि टेकडीवरची पळापळ यात तासाभराचं अंतर ठेवा. बाऊल रोज धुवा, वळणांत अन्न अडकून वास मारतं, जुना टूथब्रश त्यासाठी छान आहे, आणि प्लास्टिकचे दातांनी तुकडे पडायला लागले की फेकून द्या. आमच्याकडून घेतलेला बाऊल तोंडाला बसला नाही तर धुऊन परत आणा, बदलून देतो, आणि कुत्र्यालाही सोबत आणलंत तर तिथेच थोडे दाणे टाकून कुठला जमतो ते बघू, जेवणाची वेळ जवळ असताना या म्हणजे नीट कळेल.