पार्श्वभूमी : कानाचं मशीन आणि स्पॅनिश बोलणारे आजी-आजोबा

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या एखाद्या आजोबांना स्पॅनिशमध्ये विचारलं, ‘आउदिफोनोस वापरता का?’, तर ‘छे, ते नातू लावतो’ असं उत्तर येऊ शकतं. लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्ये हा एकच शब्द श्रवणयंत्रालाही चालतो आणि गाणी ऐकायच्या हेडफोनलाही. म्हणून घरात बोलताना पुष्कळदा नुसतं ‘आपारातो’ म्हणतात, म्हणजे यंत्र. आपण ‘कानाचं मशीन’ म्हणतो तसंच. इंग्रजी माहितीपत्रक शब्दकोश घेऊन स्पॅनिशमध्ये उतरवलं की ते कुठे अडतं, हे या एका शब्दावरून कळतं.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त लोक आहेत. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू कमी का येतं, तपासणी कुठे होते, मशीन घेतल्यावर काय होतं नि काय होत नाही, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याचे प्रयत्न मात्र अगदी अलीकडचे. उशीर का झाला हे पाहायचं तर १९६५ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ३० जुलैला वृद्धांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा कायदा झाला. त्यात काय मिळणार नाही याचीही यादी होती, आणि चष्म्यांबरोबर श्रवणयंत्रंही त्या यादीत जाऊन बसली. मूळ मेडिकेअरमध्ये ती अजून तिथेच आहेत. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर योजनांतून थोडंफार मिळतं, बाकी खर्च खिशातून. सरकार पैसे देत नाही म्हटल्यावर डॉक्टरही विषय काढत नाहीत आणि म्हातारपणी एवढं चालायचंच, असं घरचेही धरून चालतात. ‘यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा टोमणा तर कुठल्याही भाषेत मिळेल.

दुसरी अडचण थेट तपासणीच्या खोलीतली. शुद्ध स्वराच्या चाचणीत बीप ऐकू आली की बटण दाबायचं. तिथे भाषेचा फारसा प्रश्न येत नाही. पण बोलणं किती कळतं हे मोजायला शब्द लागतात. इंग्रजीत त्यासाठी ‘बेसबॉल’, ‘हॉटडॉग’ असे दोन तुकड्यांचे (बेस-बॉल), दोन्ही तुकड्यांवर सारखा जोर असलेले शब्द वापरतात. स्पॅनिशमध्ये असे शब्द जवळपास नाहीतच, त्यामुळे तिथे उच्चाराचे तीन तुकडे असलेले शब्द घेऊन वेगळ्या याद्या बांधाव्या लागल्या. त्या हाताशी नसल्या की इंग्रजी यादी पुढे येते. स्पॅनिशमध्ये ‘ब’ आणि ‘व्ह’ हे एकाच ध्वनीत मिसळलेले. आजीबाईंनी ‘व्हेरी’चं ‘बेरी’ केलं, तर चूक कानाची की जिभेची? फक्त इंग्रजी येणारा तपासनीस ती कानाच्याच खात्यावर मांडण्याचा धोका असतो. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ एकाच ‘व’वर भागवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा घोळ वेगळा सांगायला नको.

प्रश्न किती मोठा आहे हे आकड्यांत यायलाही वेळ लागला. २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६ हजारांहून जास्त हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, प्रौढांची आरोग्यपाहणी झाली. कान तपासणं त्यातच होतं. पुढे त्या माहितीतून दिसलं, की पंचेचाळिशीच्या पुढच्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसांपैकी श्रवणयंत्र वापरणारे होते जेमतेम ४.६ टक्के. विमा नसणं हे त्यामागचं एक कारण. माझ्या मते ही संख्या एवढी कमी असायला नुसतं पैशाचं कारण पुरेसं नाही. ज्याबद्दल कुणी कधी आपल्या भाषेत बोललंच नाही, ते माणूस मागणार तरी कसं?

या ‘बोलण्या’वर नेमकं बोट ठेवलं ॲरिझोनातल्या नोगालेसने. हे गाव सरहद्दीवर, याच नावाचं दुसरं गाव भिंतीपलीकडे मेक्सिकोत. अमेरिकेच्या बाजूचं जवळचं मोठं शहर टुसॉन, तेही शंभराच्या वर किलोमीटरवर. ॲरिझोना विद्यापीठातल्या निकोल मारोन, माया इन्ग्रॅम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मारिपोसा आरोग्यकेंद्राबरोबर ‘ओयेंदो बिएन’, म्हणजे ‘नीट ऐकताना’, हा उपक्रम उभा केला. २०१७ मध्ये त्याच्या पहिल्या प्रयोगाचा अहवाल छापून आला. शिकवणाऱ्या होत्या प्रोमोतोरा: गावातल्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या आरोग्यसेविका. ही लॅटिन अमेरिकेतली जुनी पद्धत. आपल्या आशाताईंची आठवण होतेच. श्रवणतज्ज्ञांनी आधी त्यांना तयार केलं आणि त्यांनी पाच आठवडे गटाने वर्ग घेतले.

या वर्गाला माणसाने एकटं यायचं नव्हतं. ज्याच्याशी रोज बोलणं होतं तो नवरा, मुलगी, शेजारीण, त्यांनाही बोलावलेलं. कारण अशा शिकवणीत निम्मा धडा समोरच्यासाठीच असतो: स्वयंपाकघरातून पाठमोरं ओरडू नका, समोर येऊन बोला, आधी टीव्हीचा आवाज कमी करा, कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने नको, वेगळ्या शब्दांत सांगा. मशीन विकत घ्यायची ऐपत नसली तरी एवढं त्याच दिवशी करता येतं.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये वेगळी चक्रं फिरत होती. २०१७ च्या कायद्याने सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी चिठ्ठीविना यंत्रं विकायची वाट उघडली आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून ती दुकानांत मिळू लागली. पूर्वीपेक्षा स्वस्त, हे चांगलंच. पण समजावून सांगणारा श्रवणतज्ज्ञ मधून गेला आणि त्याचं काम खोक्यातल्या पत्रकावर आणि मोबाइलच्या ॲपवर आलं. पत्रक बारीक इंग्रजीत असेल, तर पुन्हा नातवालाच हाक.

नातवाने दुभाष्या व्हावं का, यावरही नियम आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे ऑगस्ट २००० मध्ये क्लिंटन यांनी आदेश काढला, की इंग्रजी कच्चं असलेल्यांनाही सरकारी सेवा घेता आल्या पाहिजेत. ओबामांच्या आरोग्य कायद्यातलं १५५७ वं कलम आणि त्याखालचे २०१६ चे नियम आणखी पुढे गेले: तातडीची वेळ सोडली तर दवाखान्याने लहान मुलांना दुभाष्या म्हणून उभं करायचं नाही. १ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना २००० चा आदेश मागे घेतला. १५५७ वं कलम कायद्यातच असल्याने ते टिकलं. इंग्रजीखेरीज आणखी कोणत्या भाषांत माहिती द्यायची हे मात्र आता बरंचसं त्या त्या खात्याच्या मर्जीवर आहे.